सासूबाईंचं ताट वेगळं कशाला?

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात एक चार पानी पत्र आहे. ते वाचल्यावर बाकीची पत्रं बाजूला ठेवली. लिहिणारीचं नाव-गाव देत नाही. तालुक्याचं गाव आहे, एकत्र कुटुंब आहे, एवढं पुरे.

सासूबाईंचं वय ६४. गेलं वर्ष-दीड वर्ष त्या उतरत चालल्या होत्या. लुगडं कमरेला ठरेना. तोंडात पांढरा थर यायचा, जुलाब थांबत नव्हते, मध्येच नागीण झाली. घरातले म्हणाले, वय झालं. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, वय झालं, आणि टॉनिक लिहून दिलं. शेवटी जिल्हा रुग्णालयात एका डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना नीट विचारून, समजावून एचआयव्हीची तपासणी करायला लावली. ती निघाली. सासरे दहा वर्षांपूर्वी ‘क्षयाने’ गेलेले. आता जाऊबाईंनी सासूबाईंचं ताट, वाटी, तांब्या सगळं वेगळं काढून मागच्या पडवीत मांडलं आहे. नातवंडांना जवळ जायची बंदी. पत्राच्या शेवटी लिहिलंय, “ताई, त्या जेवतच नाहीत हो. म्हणतात, आता माझे किती दिवस राहिले? मी काय करू?”

बाई, आधी ते ताट आत आणा. आजच्या आज.

एका ताटात जेवून, एका तांब्याचं पाणी पिऊन, एकच संडास वापरून, डास चावून, मांडीवर बसून किंवा गालाचा पापा घेऊन हा विषाणू जात नाही. तो जातो शरीरसंबंधातून, रक्तातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. आजीने भरवलेल्या वरणभातातून नाही. सासूबाईंना कधी जखम झाली तर रक्त पुसताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा; ते तर कुणाच्याही जखमेला करावं. जाऊबाईंवर चिडू नका. भीती अज्ञानाची असते. सासूबाईंची संमती असेल तर जाऊबाईंना एकदा एआरटी केंद्रावरच्या समुपदेशक बाईंसमोर बसवा. घरातल्या माणसाचं सांगणं मनावर घेतलं जात नाही, तेच बाहेरच्या बाईने टेबलामागून सांगितलं की पटतं, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे!

आता ‘किती दिवस राहिले’ याबद्दल. आपल्या देशात पहिले रुग्ण १९८६ साली मद्रासला सापडले, तेव्हा खरोखरच काही करता येत नव्हतं. त्या काळच्या गोष्टी आपल्या मनात अजून बसलेल्या आहेत. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर औषध फुकट मिळू लागलं. तेव्हा पस्तिशीत औषध सुरू केलेली माणसं आज पंचावन्नच्या पुढे आहेत, काही आजी-आजोबा झालेली आहेत. पूर्वी रक्तातल्या लढाऊ पेशी एका आकड्याखाली उतरेपर्यंत थांबवून ठेवत. २०१७ पासून निदान झालं की औषध, असा नियम आहे. आणि आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते. तिच्यात तीन औषधं असतात. ती वेळेवर, न चुकता घेतली तर रक्तातले विषाणू इतके कमी होतात की मोजणीत दिसत नाहीत. म्हणजे रोग मुळापासून गेला असं नाही, गोळी जन्मभर घ्यायची आहे. साखरेची किंवा दाबाची घेतो तशीच. उतारवयात पेशी भरून यायला तरुण माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून नाराज होऊ नका. सासऱ्यांचा इतिहास पाहता सासूबाईंची क्षयाची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्या. क्षयाचं औषध चालू झालं तर या गोळीचं प्रमाण बदलावं लागतं.

खरी काळजी घ्यायची ती पुढे आहे, आणि ती घरच्या बाईलाच घ्यावी लागते. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी औषधांचा डबा असतो, आणि त्यातल्या काही गोळ्या या गोळीशी भांडतात. तुम्ही लिहिलंय की सासूबाई हाडांसाठी कॅल्शियम घेतात आणि वरचेवर आम्लपित्ताचं पातळ औषध पितात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी या गोळीबरोबर घेतल्या तर गोळी अंगी लागतच नाही. भरपेट जेवणाबरोबर दोन्ही घेतल्या तर चालतं. आम्लपित्ताच्या पांढऱ्या औषधाचं मात्र तसं नाही, जेवणाबरोबरही चालत नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी घ्यायची, नाहीतर सहा तास नंतर. मला विचाराल तर एचआयव्हीची गोळी रात्रीच्या जेवणानंतर आणि कॅल्शियम सकाळच्या न्याहारीला, म्हणजे घोटाळाच नको. गोळीने झोप उडते असं वाटलं तर मात्र उलट करा, डॉक्टरांना सांगून.

मधुमेह असेल तर आणखी एक. मेटफॉर्मिन नावाची गोळी साखरेसाठी घरोघरी चालू असते. एचआयव्हीच्या गोळीतल्या डोल्युटेग्रॅविरमुळे ती शरीरात जास्त साठते, म्हणून डॉक्टर ती बहुधा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. साखरेचे डॉक्टर एक आणि एआरटी केंद्र दुसरं, एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसतं. तेव्हा सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे, वैद्यांच्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत घालून दोन्हीकडे दाखवा. गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणणं बंद करा. या औषधांपैकी टेनोफोव्हिरचा भार मूत्रपिंडावर आणि हाडांवर पडू शकतो, त्यात दुखण्याच्या गोळ्यांची भर नको. मूत्रपिंडाची रक्ततपासणी केंद्रावर सांगतील तेव्हा करून घ्या.

आणि उपास! सासूबाईंची एकादशी आणि चातुर्मास आहेच. ही गोळी रिकाम्या पोटीही चालते, तेव्हा उपासाच्या दिवशी गोळीला सुट्टी नाही. त्या दिवशी कॅल्शियमला सुट्टी द्या हवी तर.

तुम्ही पत्रात एक प्रश्न विचारलेला नाही, पण तो ओळीओळीत आहे. हे आलं कुठून? ते उकरू नका. सासरे गेले, त्या बाईने त्यांचं आजारपण काढलं, आणि आज पडवीत बसून तीच मनात शंभरदा हा हिशेब मांडत असेल. तुमच्या यजमानांना किंवा मुलांना त्यांच्या जवळ राहून काही होणार नाही, एवढं कळलं की तुमचं काम झालं. गावात कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे सासूबाई ठरवतील. २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि कुणाचा निकाल त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. दवाखान्यातला ओळखीचा कंपाउंडर असला तरी.

याच विषयावर दुसरं पत्र आहे, ते ५३ वर्षांच्या भगिनीचं. यजमान निवृत्त झाले, हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. बाई लिहितात, “आमची पाळी जाऊन तीन वर्षं झाली, आता मला कसली तपासणी?” असं समजणाऱ्या पुष्कळजणी आहेत. मूल राहायची भीती संपली की निरोध घरातून जातो, आणि पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी, नाजूक होते, तिला बारीक इजा लवकर होते. म्हणजे धोका उलट वाढतो. पण आपल्याकडे पन्नाशीच्या बाईला डॉक्टर हे विचारत नाहीत आणि ती स्वतः तर सांगतच नाही. तुम्ही तपासणी करून घ्याच. आली नाही तर शेवटच्या संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा करा. यजमानांनी औषध सुरू केल्यावर त्यांच्या रक्तात विषाणू मोजणीत दिसेनासे झाले आणि गोळी नियमित चालू राहिली, तर संबंधातून तुम्हाला लागण होत नाही. मात्र तो अहवाल हातात येईपर्यंत निरोध हवाच. लाज वाटते हे मान्य. यजमानांनाच आणायला सांगा.

राग येतोय असंही तुम्ही लिहिलंय. येणारच. तीस वर्षांच्या संसारानंतर हे कळल्यावर कुणाला येणार नाही? पण तपासणी रागासाठी थांबवू नका. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत ती फुकट होते. आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, एकटीने गेलात तरी चालतं. जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा क्रमांक फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत.