देशी गीताचा इतिहास : शब्दांचा की स्वरांचा?

लोकसंगीताचा इतिहास म्हणजे नेमका कशाचा इतिहास, हा प्रश्न आपल्या वाङ्मयाभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ओवीचेच उदाहरण घ्यावे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देवगिरीस रचलेल्या 'संगीतरत्नाकरा'त ओवीची गणना प्रबंधांत केली. म्हणजे ज्ञानेश्वरीपूर्वीच संगीतशास्त्राने ओवीला गेय प्रकार म्हणून ओळखले होते. अर्वाचीन काळात मात्र साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवना'पासून सरोजिनी बाबर यांच्या संपादनांपर्यंत जे थोर संकलन झाले, ते मुख्यत्वे शब्दांचे. चरण कोठे परतून येतो, जात्याच्या फेऱ्याबरोबर सूर कोठे लांबतो, हे छापील पानावर उरत नाही.

अमेरिकेतील 'कंट्री' संगीताची वाटचाल याच्या नेमकी उलट झाली. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी व व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी राल्फ पीअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेथे बाजारपेठेमुळे का होईना, आवाज टिकला आणि गायकांची नावेही टिकली. परंतु त्याची किंमत मोजावी लागली. बँजोसारखे वाद्य मूळ आफ्रिकी परंपरेतून आलेले असूनही गोऱ्यांची व कृष्णवर्णीयांची गाणी वेगवेगळ्या याद्यांतून विकली गेली आणि एकत्र वाढलेल्या परंपरेचा इतिहास दुभंगला. तेव्हा तो मार्ग जसाच्या तसा अनुकरणीय नाही.

हे टिपण लखनौच्या वृंदावन योजनेत बसून लिहिताना भातखंड्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. या मराठी पंडिताच्या प्रयत्नांतून १९२६ साली याच शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. उस्तादांच्या कंठातील शेकडो चिजा त्यांनी स्वरलिपीत आणल्या. मौखिक परंपरेचाही शास्त्रशुद्ध संग्रह होऊ शकतो, हे सिद्ध केले. तो न्याय जात्यावरच्या गाण्याला मात्र मिळाला नाही. अवधी प्रदेशातील स्त्रिया जाँतावर 'जँतसार' गात आल्या. ओवीची ही सख्खी बहीणच. आज या नव्या वसाहतीत ना जाते आहे, ना जाँत.

स्वरलिपीत लोकगीताचा लवचीकपणा मावत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच ध्वनिमुद्रण हवे. गी पॉइटव्हां व हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गायिकांच्या व गावांच्या नावांनिशी जमल्या आणि त्यांतील काही हजारांचे ध्वनिमुद्रणही झाले. म्हणजे हे काम अशक्य नव्हे. विद्यापीठांनी यापुढे लोकगीतांवरील प्रबंधासोबत गायिकेच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण अनिवार्य मानावे, आणि ओवी व जँतसार यांचा तौलनिक अभ्यास चालींसह करावा. ज्यांच्या कंठात त्या चाली आहेत, त्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. शब्द ग्रंथालयात थांबतील, चाली थांबणार नाहीत.