विश्लेषण : नौका एकसारख्या, तरी वेगात फरक का?

टोकियो आणि पॅरिस अशा सलग दोन ऑलिम्पिकमध्ये इटलीच्या रुजेरो तिता आणि कातेरिना बांती यांनी ‘नाक्रा १७’ या कॅटामरान प्रकारात सुवर्णपदक जिंकले. इथे सर्वांच्या नौका एकाच साच्याच्या असतात. मग फरक कुठे पडतो? खलाशांच्या कौशल्याइतकाच डोलकाठी आणि शिडाच्या जुळणीत.

डोलकाठीच्या बाजूच्या ‘डायमंड’ तारा ताणल्या की काठीला बाक येतो आणि शीड सपाट होते. जोराच्या वाऱ्यात नौका आवरायला हे उपयोगी. मंद वाऱ्यात मात्र फुगीर शीडच जास्त ओढ देते.

शर्यतीत दोरी खेचून शिडाचा ताण बदलता येतो. तारांचा ताण मात्र शर्यतीआधीच ठरवावा लागतो. त्यामुळे वाऱ्याचा अंदाज चुकला, तर शर्यतीत दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही.