मे महिन्यातली पाहणी

गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीमागचा झाडोरा साफ झाला. डास होतात, साप येतात, अशी रहिवाशांची तक्रार होती. तोडण्याआधी पक्षी पाहून घ्यावेत असे कुणीतरी सुचवले, म्हणून दोघांनी सकाळी एक फेरी मारली. कावळे, चिमण्या आणि बुलबुलाची जोडी दिसली. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. मी रुग्णालयात ड्यूटीवर होतो. संध्याकाळी येऊन बोललो, पण तेव्हा बोलून काय उपयोग?

त्या दोघांनी काही लपवले नव्हते. चूक महिन्याची होती. छातीत दुखणे थांबल्यावर काढलेला ईसीजी साधारण आला, म्हणून हृदय ठीक आहे असे आम्ही डॉक्टर म्हणत नाही. मे महिन्यातल्या पाहणीचे तसेच आहे. त्या झाडोऱ्यातले हिवाळी पाहुणे तोवर हजारो किलोमीटर दूर गेलेले असतात.

आपण बेटावर राहतो, हे लोकलमधून वसईची खाडी ओलांडतानाच काय ते आठवते. मीरा-भाईंदर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला आहे. एका बाजूला खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, दक्षिणेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. या पट्ट्यातल्या झुडपांत वटवट्या नावाचे बारीक पक्षी असतात. काही बारमाही, काही हिवाळ्यापुरते. दिसायला सगळे मातकट किंवा हिरवट, त्यामुळे बहुतेक जण त्यांना चिमणी समजून सोडून देतात.

ओळखायचे कसे? रंगावर जाऊ नका. रुग्णाला विचारतो तेच विचारा : कधीपासून, कुठे, आणि आवाज कसा.

आधी घरचे ओळखून ठेवा. शिंप्याची टोपी तांबूस, शेपटी बहुधा उभी आणि आवाज देहाच्या मानाने फारच मोठा. पाने शिवून त्यात तो घरटे करतो. राखी वटवट्याही शेपटी वर धरतो. पाठ राखाडी, पोट फिकट पिवळसर, आणि उडताना पंखांचा कटकट असा आवाज येतो. हे दोघे मे महिन्यातही इथेच असतात. शिंपी त्या सकाळीही ओरडला असणार. ऐकणाऱ्यांना तो माहीत नव्हता, एवढेच.

सप्टेंबरपासून पाहुणे येऊ लागतात. ब्लिथचा बोरू वटवट्या जमिनीलगतच्या झुडपात लपतो आणि ‘चक्... चक्’ असा कोरडा आवाज करत राहतो. एडवर्ड ब्लिथ १८४१पासून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळत होते. त्यांचे नाव या पक्ष्याला मिळाले. दहा-बारा ग्रॅमचा हा जीव पूर्व युरोप, रशिया आणि मध्य आशियात पिल्ले वाढवतो आणि हिवाळा भारतात काढतो. हिरवट पर्ण वटवट्या मात्र वर, मोठ्या झाडांच्या पानांत फिरतो. डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर एक बारीक पट्टी, आवाज दोन तुकड्यांचा. एप्रिल सरता सरता दोघेही परतीला लागतात.

यापुढे अवघड जाते. बूटेड आणि साइक्स या दोन वटवट्यांत जाणकारही अडखळतात. तिथे नोंदीत ‘खात्री नाही’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. आम्ही केसपेपरवर प्रश्नचिन्ह घालतोच. मोबाइलवरचे अॅप आवाज ऐकून नाव सुचवते, पण त्याला लॅब रिपोर्टइतकाच मान द्यावा. रुग्ण न पाहता नुसत्या रिपोर्टवर औषध देत नाहीत.

आता डासांचे. तक्रार खोटी नव्हती. पावसाळ्यात आमचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरतात. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो तो साठलेल्या पाण्यात : पिंपात, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या उघड्या टाकीत. झाडोरा गेला, ताटल्या तशाच राहिल्या. वटवटे डास संपवतात असा दावा मी करणार नाही. ते पानांवरचे बारीक किडे, सुरवंट, कोळी खातात. पण झुडपे तोडून डेंग्यू टळतो, हे म्हणणेही डॉक्टर म्हणून मला मान्य नाही. सापांची भीती असेल, तर आधी कचरा आणि उंदीर हटवा.

माझी मागणी साधी आहे. झाडोरा, तिवरे किंवा पाणथळ जागा यांना हात लावण्याआधी पक्ष्यांची पाहणी निदान दोनदा व्हावी : एकदा पावसाळ्यात, घरट्यांच्या दिवसांत, आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत. पाहणी ऐकणाऱ्याने करावी, नुसत्या पाहणाऱ्याने नव्हे. डोंगरीच्या कारशेडपासून खाडीकाठच्या रस्त्यांपर्यंत, आपल्या शहरात झाडांचे वाद होतात तेव्हा झाडे किती, हे विचारले जाते. पक्षी कोणत्या महिन्यात पाहिले, हेही विचारायला हवे. अहवालावर तारीख असतेच, ती वाचा.

आमच्या इमारतीमागे आता पेव्हर ब्लॉक आहेत. पलीकडच्या नाल्याकाठी थोडी झुडपे उरली आहेत. येत्या सप्टेंबरात सकाळी सहा वाजता मी तिथे वही घेऊन उभा राहणार आहे. त्या फेरीतल्या दोघांनाही बोलावले आहे.