आयाळ बाजूला ठेवून बघा

ताडोबात मी बावीस वर्षं गाईड आहे. मोहर्ली गेटमधून जिप्सी आत शिरली की मागच्या सीटवरून प्रश्न येतोच, "काका, वाघ मोठा की सिंह?" पूर्वी मी छाती फुगवून "आपला वाघच" म्हणायचो. मागच्या हिवाळ्यात गीर पाहून आलो. आता मी आधी विचारतो, "कुठला वाघ, बाळा?"

गीरचा नर साधारण 160 ते 190 किलोचा. आयाळ इतकी विरळ, की कान उघडे दिसतात. पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबते, ती मात्र बघत राहावी अशी. आपला भरलेला नर वाघ 200 किलो सहज ओलांडतो. पण सुमात्राचा वाघ घ्या, तो जेमतेम 140 पर्यंत जातो, म्हणजे गीरच्या सिंहाहूनही हलका. आफ्रिकेचा सिंह गीरच्या सिंहापेक्षा थोराड.

मग सिंह एवढा मोठा का वाटतो? आयाळीमुळे. डोकं, मान, खांदे सगळं फुगून दिसतं. वाघाचं अंग लांब, मागचे पाय पुढच्यांहून लांब, झेप घेण्यासाठीच घडवलेले. वरची कातडी काढली तर दोघांच्या सांगाड्यांत फरक करताना जाणकारही अडखळतात.

पोरांना "राजा कोण" हे शिकवू नका. उंची, लांबी, वजन वेगवेगळं बघायला शिकवा.