शेपटीतला माणूस

सुखटणकर! आडनाव वाचलं आणि थबकलोच. लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये 'एस फॉर शुगर' नावाचं एक लँकॅस्टर बाँबर विमान जपून ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धात त्या विमानातून मोहिमांवर गेलेल्यांमध्ये एक नॅव्हिगेटर होते शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. ८३ स्क्वाड्रन. मिळालेलं पदक, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, म्हणजे डीएफसी. आमच्या शाळेत दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर, चर्चिल, हिरोशिमा आणि पाच मार्कांचा प्रश्न. त्यात कुणी सुखटणकर असतील हे मनातसुद्धा आलं नव्हतं. अख्खा शनिवार त्यातच गेला.

वाचता वाचता मात्र लक्ष विमानाच्या दुसऱ्या टोकाकडे गेलं. लँकॅस्टरमध्ये सात माणसं असायची. सहा जण पुढच्या-मधल्या भागात आणि सातवा एकटाच पार शेपटीत, रिअर गनर. काचेच्या एका गोल खुराड्यात चार मशीनगन आणि हा. बाहेर उणे चाळीसच्या आसपास थंडी, आठ-आठ तास अंधारात बघत बसायचं. जागा इतकी कमी की पॅराशूट आत मावायचं नाही, ते मागे विमानात लटकवलेलं असायचं. म्हणजे उडी मारायची वेळ आली तर आधी मागे वळून ते घ्यायचं, मग पुढचं.

आता तुम्ही म्हणाल, याने किती विमानं पाडली? तर गंमत इथेच आहे. जर्मन नाइट फायटरच्या तोफांचा पल्ला याच्या बंदुकांपेक्षा मोठा. गोळी झाडली की आपली जागा कळलीच. त्यामुळे गनरचं खरं काम बघण्याचं. अंधारात सावली हलली की इंटरकॉमवर ओरडायचं, पायलट विमानाला गिरक्या देत खाली घालणार, सगळे वाचणार. सर्वात चांगला गनर तो, ज्याच्यावर गोळी झाडायची वेळच आली नाही. आणि जे घडलंच नाही त्यासाठी पदक कसं द्यायचं?

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. रात्री अडीचला सर्व्हर पडला आणि कुणी तो तासाभरात उभा केला, की त्याला सोमवारी टाळ्या. ज्याच्यामुळे तो वर्षभर पडलाच नाही, त्याचं नाव मेलच्या सीसीमध्येपण नसतं. असो. आमच्यात जीव जात नाही, तेव्हा तुलना इथेच सोडतो.

तर पदकं. पहिली भानगड रँकची. डीएफसी फक्त ऑफिसर आणि वॉरंट ऑफिसरला. तेच शौर्य सार्जंटने केलं तर त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, डीएफएम. आणि बहुतेक गनर सार्जंटच. दुसऱ्या महायुद्धात वीस हजारांवर डीएफसी दिले गेले आणि डीएफएम साडेसहा हजारांच्या आसपास. यात बाँबरशिवाय बाकीचे वैमानिकही आले, आणि काही गनर पुढे ऑफिसर होऊन डीएफसी मिळवते झाले, हे मान्य. तरी एकाच विमानात, एकाच गोळीच्या वाटेत बसलेल्यांची ही दोन रांगांत वाटणी पचत नाही. ती १९९३ साली बंद झाली.

दुसरी भानगड याहून वाईट. डीएफसी काय, डीएफएम काय, मेलेल्या माणसाला द्यायची सोयच नव्हती. शत्रूशी लढताना गेलात, तर एक तर थेट व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर अहवालात नुसता उल्लेख. मधलं काही नाही. हा नियम १९७९ मध्ये बदलला. बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख लोकांपैकी ५५,५७३ मेले. आता लावा हिशोब!

तिसरी गोष्ट, साक्षीदार. जून १९४४, फ्रान्समधलं कांब्रे. कॅनडाचा अँड्र्यू मायनार्स्की, विमानाच्या वरच्या बाजूचा गनर. विमान पेटलं, सगळ्यांना उडी मारायचा हुकूम झाला. याला दिसलं की शेपटीतला पॅट ब्रोफी अडकलाय. हा आगीतून रांगत गेला, कुऱ्हाडीने, हातांनी झटला, पण काही हलेना. शेवटी ब्रोफीनेच त्याला जायची खूण केली. मायनार्स्कीचे कपडे पेटलेले. जाताना त्याने सलाम केला आणि उडी मारली. भाजल्यामुळे तो गेला. आणि ब्रोफी? विमान आदळलं, तो बाहेर फेकला गेला आणि वाचला! त्याने सांगितलं म्हणून १९४६ साली मायनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस. ब्रोफी मेला असता, तर मायनार्स्की त्या ५५,५७३ मधला फक्त एक आकडा.

सुखटणकरांच्याच ८३ स्क्वाड्रनमध्ये आधी जॉन हॅना होता. वायरलेस ऑपरेटर आणि गनर, वय १८. सप्टेंबर १९४० मध्ये अँटवर्पवर त्याचं विमान पेटलं, दोघांनी उड्या मारल्या. हा थांबला आणि आधी एक्स्टिंग्विशरने, मग लॉगबुकने, मग हातांनी आग विझवली. पायलटने विमान घरी आणलं. हॅनाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे क्षयाने १९४७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला.

या बाँबरनी हँबुर्ग, ड्रेस्डेन जाळलं, हजारो साधी माणसं मारली, हे मला विसरायचं नाहीये. आणि पदकं बंद करा असंही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की पदकांची यादी म्हणजे शूरांची यादी नव्हे. ती नियमांच्या, साक्षीदारांच्या आणि नशिबाच्या चाळणीतून खाली आलेली नावं आहेत. स्वतंत्र भारताने निदान एक चाळणी फेकून दिली. परमवीर, महावीर, वीर चक्र शिपायाला आणि जनरलला एकच, मरणोत्तरही. परमवीर चक्राचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यामागचा हा नियमही तितकाच सांगण्यासारखा आहे.

इथून नवी मुंबईतून पनवेल सोडून गोवा हायवेला लागलं की पुढे माणगाव येतं. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, इटली. मशीनगनने त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. उरले एकटे घाडगे. ते तसेच मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. कोकणात जाताना मी चहाला थांबायचो, पुतळ्याकडे कधी पाहिलं नाही. पुढच्या खेपेला नक्की थांबणार आहे. आणि त्या सेक्शनमधले बाकीचे कोण होते, कुठल्या गावचे, तेही विचारणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात जुनं सैन्याचं पासबुक, एखादं पत्र, आजोबांनी सांगितलेली एखादी गोष्ट असेल, तर लिहून ठेवा. ब्रोफी प्रत्येकालाच मिळत नाही.