साप म्हणून भुई का धोपटता?

इटली देशातील आब्रुत्सो प्रांताच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, कोकुल्लो नावाचे एक खेडे आहे. त्याची वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास; परंतु दरसाल १ मे रोजी तेथे यात्रेकरूंची रीघ लागते. पूर्वी हा उत्सव मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होत असे. त्या दिवशी गावाचे रक्षक संत दोमेनिको यांची मूर्ती चर्चबाहेर आणतात, तिच्या गळ्याखांद्यांवर जिवंत साप घालतात, आणि अशा थाटात तिची मिरवणूक काढतात. हे वाचून आमच्या वाचकांपैकी कित्येक नाक मुरडतील, आणि कित्येक ‘सुधारलेल्या युरोपातही हेच चालते तर!’ असे म्हणून समाधान पावतील. आमच्या मते ह्या दोन्ही वृत्ती सारख्याच आळशी आहेत.

दोमेनिको हे बेनेडिक्टाइन पंथाचे मठाधिपती. ते १०३१ साली सोरा येथे वारले. त्यांचा एक दात व त्यांच्या खेचराच्या पायाचा नाल कोकुल्लोस जतन केलेला आहे. सर्पदंश व दंतपीडा ह्यांपासून हे संत राखतात अशी भाविकांची श्रद्धा असल्यामुळे लोक तेथील घंटेची दोरी दातांनी ओढतात, आणि पवित्र मानलेली माती नेऊन शेतात टाकतात. ह्या प्रथेचे मूळ ख्रिस्ती धर्माहूनही जुने असावे असे पुष्कळ विद्वानांस वाटते. कारण त्याच मुलुखातील मार्सी लोक रोमन काळी सर्पविद्येविषयी प्रसिद्ध असून आंगितिया नामक देवतेस भजत असत. डोंगरात गुरे राखणाऱ्या व शेत कसणाऱ्या मनुष्यास सापाचे भय असणे स्वाभाविक आहे, आणि भयाचे रूपांतर पूजेत होणे हेही तितकेच स्वाभाविक. ह्यात हसण्याजोगे आम्हांस काही दिसत नाही.

पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. मूर्तीवर घालतात ते साप बिनविषारी असतात. त्यांतला प्रमुख, अंगावर चार पट्टे असलेला साप, १९९२ च्या युरोपीय अधिवास-निर्देशाने संरक्षिलेला आहे. म्हणजे तो मन मानेल तसा पकडणे हा गुन्हा होय. कायदा व रूढी ह्यांचा असा सामना झाला म्हणजे बहुधा एकीचा तरी बळी पडतो. कोकुल्लोत तसे झाले नाही. शासनाकडून विशेष परवानगी घेण्यात आली. गावच्या गारुड्यांनी पकडलेला प्रत्येक साप शास्त्रज्ञांच्या हाती जाऊ लागला. ते त्याची लांबी व वजन टिपून घेतात, त्यास खुणेची चकती टोचतात, आणि उत्सव संपल्यावर तो जेथे धरला तेथेच सोडला जातो. कोणत्या रानात कोणते साप आहेत व त्यांची प्रकृती कशी आहे, ह्याची वही अशा रीतीने एका जत्रेतून तयार झाली.

ह्यावर कोणी म्हणेल की, मुक्या जीवास गर्दीत नाचविणे हा छळच, मग त्याची वही ठेवा अगर न ठेवा. आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो उडवून लावीत नाही. परंतु आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो की, ज्या दुकानाची वही नाही त्याचा नफातोटा कोणास कळणार? छळ होतो की नाही, हेही मोजमापानेच कळावयाचे. मोजमापाअंती अपाय दिसला, तर रूढी बदलण्यास सबळ पुरावा मिळेल; आणि तो पुरावा गावकऱ्यांच्याच हातचा असल्यामुळे त्यांस तो झिडकारता येणार नाही.

हा प्रश्न आमच्या दाराशीही उभा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीला जिवंत नाग पूजिण्याची चाल होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली ती बंद केली. नाग हा विषारी प्राणी. तेथील गर्दीत त्याचे व माणसाचे दोघांचेही हाल होत. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु मनाई म्हणजे सुधारणा नव्हे. मनाईने हात बांधले जातात, मन वळत नाही. त्याच कायद्याचे १२ वे कलम शिक्षण व शास्त्रीय संशोधन ह्यांसाठी परवानगीची वाट मोकळी ठेवते, आणि २०२५ साली केंद्र शासनाने शिक्षणाच्या हेतूने ठरावीक संख्येने नाग पकडण्यास अनुमतीही दिली.

आता ह्या वाटेने जावयाचे कसे, एवढाच प्रश्न उरतो. परवानगीच्या आडून जुना तमाशा परत आणावयाचा असेल, तर ती फसवणूक होय. उलट, पकडणाऱ्यांच्या पिढीजात कौशल्याची प्राणिशास्त्रज्ञांशी गाठ घालून, गर्दीपासून दूर, प्रत्येक नागाची नोंद करून त्यास त्याच्या रानात सोडले, आणि ती नोंद दरसाल लोकांपुढे मांडली, तर शिराळकरांचा मानही राहील व नागही राहील. वनखात्याने नुसता पहारा करू नये, वही उघडावी. आणि गावकऱ्यांनी नुसता हक्क सांगू नये, हिशेब द्यावा. साप साप म्हणून भुई धोपटण्याने साप मरत नाही आणि भुईही पिकत नाही.