उंबऱ्यावरचा हात

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे कोल्हापुरातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. २०१९ च्या ऑगस्टात ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैत तिने तोही उच्चांक मागे टाकला. दोन्ही वेळी पडलेल्या घरांचे, बुडालेल्या उसाचे, दगावलेल्या जनावरांचे पंचनामे झाले. त्यांत उणिवा राहिल्या असतील. परंतु नुकसान मोजण्याची काही एक रीत आपणांपाशी होती. ज्यांच्या मनावरून ते पाणी गेले, त्यांची विचारपूस करण्याची रीत मात्र आपण अद्याप घालून घेतलेली नाही.

राजारामपुरीच्या उंचावरील गल्ल्यांत त्या दिवसांत पाणी आले नाही, माणसे आली. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात २०२१ साली आसऱ्यास आलेल्या वृद्ध मावशी पूर ओसरल्यावर स्वगृही परतल्या. पण पुढील दोन पावसाळे, रात्री पत्र्यावर सर वाजू लागली की त्या उठत आणि उंबऱ्यावर हात ठेवून तो ओला झाला की काय ते पाहत. घरची माणसे मायाळू. 'झाले ते विसरा', 'जीव वाचला हे काय थोडे झाले?' असे ती समजावीत. परिणाम एवढाच झाला की, मावशी उंबरा पाहावयास चोरून जाऊ लागल्या.

पुढे त्यांच्याकडे एक समाजकार्यकर्ती येऊ लागली. तिने पुराचा विषय आपण होऊन काढलाच नाही. भिजून गेलेल्या शिधापत्रिकेची चौकशी केली, नवी मिळवून देण्यास साह्य केले. झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारले. आणि मावशी बोलू लागल्या तेव्हा मध्ये तोंड घातले नाही. 'एवढे सोसल्यावर असे होणे हा वेडेपणा नव्हे,' एवढे एकच वाक्य तिने ठामपणे सांगितले. उंबरा पाहू नका, असे ती एकदाही म्हणाली नाही.

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' आहे, हे या कार्याचे दुर्दैव होय. उपदेशाची आपल्या समाजात वाण नाही. आम्ही स्वतः कैक वर्षे शिक्षकी केली असल्याने या दोषाचे पुरेपूर वाटेकरी आहोत. वास्तविक या कामात सांगण्याहून ऐकणे अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत आपत्तिग्रस्तांच्या मानसिक प्रथमोपचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: पाहणे, ऐकणे व जोडून देणे. आघातानंतर लगेच माणसाला बसवून घडलेला प्रसंग वदवून घेतल्याने लाभ होत नाही, प्रसंगी अपायच होतो, असे संशोधनान्ती दिसून आले आहे. बहुतेकांचे मन सुरक्षितता, नित्यक्रम आणि आपली माणसे यांच्या आधाराने काही काळात निवळते. ज्यांचे निवळत नाही, ज्यांना महिना उलटला तरी झोप येत नाही वा जीव नकोसा वाटतो, त्यांना ओळखून वेळीच मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचविणे हेही या कार्यकर्त्याचेच काम. ते नुसत्या सहृदयतेने साधत नाही. त्यास शिक्षण लागते.

पूर्वी हे लोक कोठे होते, माणसे सोसतच होती ना, असा प्रश्न आमचे काही वाचक करतील. सोसत होती हे खरे. पण ज्यांना सोसले नाही त्यांना आपण वेडे ठरविले, मांत्रिकाकडे नेले किंवा माजघरात ठेवले, हेही तितकेच खरे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला असून, मनोसामाजिक कार्यकर्त्यांची नोंदणी करण्याची तरतूदही केली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी चालू आहे. त्याचा उपयोग प्रत्येकाने निःसंकोच करावा. तथापि, जी बाई घरच्यांनाही चोरून उंबरा पाहते ती आपण होऊन दूरध्वनी उचलील, हा भरवसा धरता येत नाही. तिच्या दारी कोणीतरी गेले पाहिजे.

म्हणून महानगरपालिकेस व जिल्हा परिषदेस आमचे सांगणे स्पष्ट आहे. पूररेषेतील प्रत्येक वस्तीच्या आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ता कायम वेतनावर नेमावा, आणि पूर ओसरल्यावर तिसऱ्या व बाराव्या महिन्यात त्याने घरोघरी जाऊन विचारपूस करावी. राजारामपुरीलगतच्या 'सायबर' संस्थेत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. तेव्हा माणसे मिळत नाहीत, ही सबब या नगरीस तरी शोभणार नाही. खर्चाची सबब पुढे येईल. धरणांतून किती पाणी सुटले याच्या नोंदीवर आपण रात्रंदिवस माणसे बसवितो आणि ते योग्यच आहे. त्याच पाण्याने ज्यांची झोप नेली, त्यांच्यासाठी वस्तीमागे एक माणूस बसविणे ही चैन नव्हे.